चिनी सुई आणि आपल्याकडचा पाळणा



चिनी वैद्यक, त्यातही बाईच्या प्रकृतीचं आणि अपत्यप्राप्तीचं वैद्यक, व्याख्यान इतवारीत, आणि बोलणारे तत्त्वज्ञानाचे निवृत्त मास्तर. हा मेळ कसा बसला, असा प्रश्न तुमच्यापैकी पुष्कळांना पडला असेल. तर इतवारीपासूनच सुरुवात करतो.

इथल्या किराणा ओळीत काष्ठौषधींच्या दुकानासमोर उभं राहा आणि नावं ऐका. दालचिनी, चोपचिनी, कबाबचिनी, रेवाचिनी. चारही नावांच्या शेवटी ‘चिनी’ आहे. हा सगळा माल चीनचाच असतो असं नाही. कबाबचिनी मूळची जावा बेटाकडची, दालचिनी बरीचशी लंकेची आणि मलबारची. पण पूर्वेकडून व्यापाऱ्यांच्या हातून आलेल्या औषधी मालाला आपल्या भाषेत हा शिक्का बसला आणि तो टिकला. यांतली चोपचिनी मात्र खरोखरच चीनची. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात या चिनी मुळीवर एक सबंध संवाद लिहिला आहे. त्याच शतकातल्या भावमिश्रांच्या ‘भावप्रकाशा’तही ती आहे, फिरंगरोगावरचं औषध म्हणून. फिरंगरोग, म्हणजे आजचा सिफिलिस, हा गर्भ पाडणारा, मेलेलं मूल जन्माला घालणारा रोग. तेव्हा चीनमधून आलेलं औषध आणि आपल्याकडची रिकामी राहिलेली कूस यांचा संबंध निदान साडेचारशे वर्षांचा आहे, आणि त्याचा एक पुरावा या बाजारात अजून तराजूत तोलून मिळतो.

आता दुसरं, तत्त्वज्ञानाच्या मास्तरांचं. आज शहराशहरांत अ‍ॅक्युपंक्चरच्या पाट्या दिसतात, आणि त्यांतल्या काहींवर ‘वंध्यत्व’ हा शब्द असतो. सुया टोचून घेतल्या आणि मग दिवस गेले, असं सांगणारी माणसं भेटतात. ती खोटं बोलत नसतात. सुया आधी आणि गर्भ नंतर, इतकं खरंच घडलेलं असतं. पण आधी घडलं म्हणून ते कारण झालं का? हा प्रश्न वैद्यकाचा आहे तितकाच तर्काचा आहे, आणि आपल्या नैयायिकांनी तो फार बारकाईने सोडवून ठेवला आहे. तिथवर आपल्याला जायचं आहे. पण आधी इतिहास, कारण या सुईचा आपल्याकडे येण्याचा रस्ता नागपूरवरून जातो.

चीनमधला सर्वांत जुना मान्य वैद्यकग्रंथ म्हणजे ‘ह्वांगदी नेइजिंग’, पीतसम्राटाचा ग्रंथ. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तो संकलित झाला. त्यात बाईचं आयुष्य सातासातांच्या टप्प्यांनी मोजलं आहे. सातव्या वर्षी दात बदलतात, चौदाव्या वर्षी पाळी सुरू होते आणि मूल होण्याची क्षमता येते, अठ्ठाविसाव्या वर्षी शरीर भरात असतं, एकोणपन्नासाव्या वर्षी पाळी संपते. पुरुषाचं गणित आठाआठांचं. आता आपली सुश्रुतसंहिता पाहा. तिथे रजोदर्शन बारा वर्षांनंतर आणि निवृत्ती पन्नाशीला. दोन देश, दोन भाषा, पण निरीक्षण जवळजवळ एकच, कारण पाहणाऱ्यांसमोर शरीरं सारखीच होती.

गर्भ कसा राहतो याला सुश्रुताने शेताची उपमा दिली. ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज, म्हणजे वेळ, जमीन, पाणी आणि बी. चारही जुळून आले की अंकुर फुटतो. चिनी वैद्यांची भाषा निराळी. ती ‘ची’ची आणि रक्ताची. ‘ची’ म्हणजे शरीरात वाहणारी प्राणशक्ती, असं ढोबळपणे म्हणता येईल. बाईच्या बाबतीत रक्ताला अग्रमान, असं त्यांचं सूत्र. रक्त कमी पडलं, थंडावलं, साकळलं, की पाळी बिघडते, आणि पाळी बिघडली की गर्भ राहत नाही. म्हणून उपचाराची सुरुवात पाळी नियमित करण्यापासून.

या परंपरेतलं एक मोठं नाव म्हणजे सातव्या शतकातले सुन सिम्याओ. त्यांनी आपल्या बृहद्ग्रंथात बायकांचे विकार अगदी आरंभी घेतले. बायकांचे रोग बरे करणं पुरुषांपेक्षा दहापट कठीण, असं त्यांचं मत होतं, आणि म्हणून त्यांच्यासाठी स्वतंत्र विचार हवा. त्या भागातला पहिलाच विषय अपत्यप्राप्तीचा. आणि तिथे त्यांनी जे म्हटलं ते आज या सभागृहात मुद्दाम सांगायला हवं. मूल होत नसेल तर नवरा आणि बायको दोघांचीही शरीरं झिजलेली, दुखावलेली असतात, असं ते सांगतात. मग नवऱ्यासाठी एक औषध देतात आणि बायकोसाठी दुसरं. तेराशे वर्षांपूर्वीचा वैद्य दोघांनाही समोर बसवतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, आपल्याला परत इथे यायचं आहे.

पुढे १२३७ साली चन झमिंग यांनी स्त्रीरोगांवरचा सर्वसमावेशक ग्रंथ रचला. पाळी, अपत्यप्राप्ती, गर्भारपण, बाळंतपण, बाळंतपणानंतरचे विकार, सगळं एका रचनेत बांधलं. चिनी भाषेत या शाखेला ‘फूके’ म्हणतात. बाई ही स्वतःच्या अधिकारात रोगी आहे, तिला तिचं वैद्यक आहे, हे तिथे शतकानुशतकं मान्य होतं. हे या परंपरेचं मोठं देणं आहे, आणि आज पुढे जी टीका आम्ही करणार आहोत तिने ते उणं होत नाही.

मात्र एक बारकावा आहे. या जुन्या फूकेचा मुख्य भर काढ्यांवर होता. आपल्याकडे शतावरीला जो मान, तो तिकडे दांगग्वेई नावाच्या मुळीला. सुई होती, पण ती दुय्यम. तिच्याबद्दल धाकही होता. पायाच्या आतल्या घोट्यापासून चार बोटं वर, नडगीच्या हाडामागे, ‘सानयिनज्याओ’ नावाचा बिंदू आहे, तीन यिन-वाहिन्यांचा संगम. पाळीच्या तक्रारींवर हा बिंदू हुकमी समजला जातो, आणि गर्भारपणी तो टोचायला परंपरेनेच मनाई केली आहे, कारण त्याने गर्भ पडेल अशी भीती. तेव्हा अपत्यासाठी सुया हे जे आज पाच हजार वर्षांचं शास्त्र म्हणून विकलं जातं, ते आजच्या रूपात तितकं जुनं नाही. किती जुनं, ते पुढे पाहू.

कारण मधल्या काळात खुद्द चीनमध्येच सुईचे वाईट दिवस आले. १८२२ साली दाओग्वांग सम्राटाने राजवैद्यांच्या संस्थेतून सुईचा विभागच काढून टाकला. १९२९ साली तिथल्या सरकारपुढे सबंध देशी वैद्यक बंद करण्याचा प्रस्ताव आला. वैद्यांनी एकजुटीने विरोध केला तेव्हा तो बारगळला. आपल्याकडे त्याच सुमारास आयुर्वेद की डॉक्टरी हा वाद चालू होता, तसाच तो तिकडेही होता.

आणि इथे नागपूर येतं. १९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केलं. चिनी सेनापती झू द यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. आपल्या इतवारी स्टेशनच्या पाटीवर आता त्यांचं नाव लागलं आहे. त्यांनी आणि नेहरूंनी मिळून डॉक्टरांचं पथक पाठवायचं ठरवलं. पाच डॉक्टर निघाले : अलाहाबादचे मदनमोहन अटल, कलकत्त्याचे बिजॉयकुमार बसू आणि देवेश मुखर्जी, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, आणि पाचवे आपल्या नागपूरचे डॉ. मोरेश्वर रामचंद्र चोळकर. कोटणीसांचं नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. १९४६ साली शांतारामबापूंनी त्यांच्यावर चित्रपट काढला, त्यामुळे ते घरोघरी पोचलं. चोळकरांचं नाव मात्र नागपुरात विचारा, दहातले नऊ जण मान हलवतील.

१ सप्टेंबर १९३८ रोजी हे पथक मुंबईहून बोटीने निघालं आणि १९३९ च्या फेब्रुवारीत यानानला, क्रांतिकारकांच्या मुख्य ठाण्यावर पोचलं. चोळकर त्याच वर्षी परतले. कोटणीस राहिले. बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते पहिले संचालक झाले. ग्वो चिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ, म्हणजे भारत-चीन. मूल काही महिन्यांचं असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी कोटणीस गेले.

आता एक गैरसमज दूर करू. कोटणीसांनी अ‍ॅक्युपंक्चर भारतात आणलं, असं सर्रास बोललं जातं. माणूस तर परतलाच नाही, मग आणील कसं? ते शल्यवैद्य होते. त्यांचं काम जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करण्याचं आणि नव्या मुलांना ती शिकवण्याचं. सुई भारतात आणली ती त्याच पथकातल्या डॉ. बसूंनी. १९५८ साली ते पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले, आणि १९५९ पासून कलकत्त्यात त्यांनी ते सुरू केलं. पुढे कोटणीसांच्या नावाने स्मारक समित्या उभ्या राहिल्या, लुधियान्यात त्यांच्या नावाचं केंद्र निघालं, आणि त्यांचं नाव सुईशी जोडलं गेलं ते असं. श्रद्धेने जोडलं, त्यात वाईट काही नाही. पण या इतिहासाचा उपयोग कुणी जाहिरातीसाठी करू लागलं की सावध व्हावं. सुई ज्या रस्त्याने आली तो रस्ता मैत्रीचा आणि त्यागाचा होता. तेवढ्यावरून सुईने गर्भ राहतो हे सिद्ध होत नाही.

चीनमध्ये १९५० नंतर सरकारनेच देशी वैद्यकाला हात दिला. डॉक्टर थोडे, माणसं कोट्यवधी, औषधं महाग. सुई स्वस्त, उकळून परत वापरता येणारी. जुन्या, एकमेकांशी न जुळणाऱ्या अनेक परंपरा निवडून, गाळून, पाठ्यपुस्तकात बसवल्या गेल्या. आज ज्याला आपण ‘पारंपरिक चिनी वैद्यक’ म्हणतो, त्याची ही घडण बऱ्याच अंशी विसाव्या शतकातली आहे. १९७१ साली जेम्स रेस्टन या अमेरिकन पत्रकाराची पेकिंगमध्ये अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली. नंतरच्या पोटदुखीवर त्यांना सुया टोचल्या गेल्या आणि त्यांनी ते ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिलं. पुढच्याच वर्षी अध्यक्ष निक्सन चीनला गेले, आणि पश्चिमेत सुईची लाट आली. आपल्याकडे केंद्र सरकारने २००३ साली अ‍ॅक्युपंक्चरला एक उपचारप्रकार म्हणून परवानगी दिली आणि २०१९ साली स्वतंत्र पद्धती म्हणून मान्यता दिली. पश्चिम बंगालने १९९६ सालीच कायदा केला होता. महाराष्ट्रानेही मागाहून केला.

मग ही सुई पाळण्याकडे कधी वळली? तर आत्ताआत्ता. १९९६ साली स्वीडनमध्ये एलिसाबेत स्टेनर-व्हिक्टोरिन आणि सहकाऱ्यांनी मूल न होणाऱ्या दहा बायकांवर विजेच्या सौम्य प्रवाहासह सुया वापरून गर्भाशयाच्या रक्तपुरवठ्यात फरक पडतो का, ते पाहिलं. २००२ साली जर्मनीतून पाउलुस यांचा अभ्यास आला आणि खळबळ उडाली. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात असलेल्या १६० बायका. निम्म्यांना गर्भ आत सोडण्याच्या आधी आणि नंतर सुया टोचल्या, निम्म्यांना नाही. सुयावाल्या गटात ४२.५ टक्के बायकांना गर्भ राहिला, दुसऱ्या गटात २६.३ टक्के. आकडे इतके देखणे की जगभरातल्या वंध्यत्व केंद्रांच्या दारात अ‍ॅक्युपंक्चरवाले बसू लागले.

आता आमच्या प्रांतात या.

आपल्याकडे म्हण आहे, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. संस्कृतात तोच काकतालीय न्याय. पण नैयायिक इथे थांबले नाहीत. सतराव्या शतकातल्या विश्वनाथ पंचाननांचा ‘भाषापरिच्छेद’ हा न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याचा पाया. त्यात कारणाची व्याख्या अशी की, ते कार्याच्या आधी असलं पाहिजे, नेहमी असलं पाहिजे, आणि ‘अन्यथासिद्ध’ नसलं पाहिजे. अन्यथासिद्ध म्हणजे जे तिथे हजर आहे, पण ज्याच्यावाचून काम अडत नाही ते. उदाहरण मडक्याचं. कुंभार हवा, माती हवी, चाक हवं, दांडा हवा. मातीची गोणी वाहून आणणारं गाढव? तेही मडक्याच्या आधी तिथे होतं. पण गाढव नसतं तर कुंभाराने माती हातगाडीवर आणली असती, आणि मडकं तेच झालं असतं. म्हणून गाढव मडक्याचं कारण नव्हे. बरं का, कुंभाराचा बापही त्याच यादीत आहे. त्याच्यावाचून कुंभार नाही हे खरं, पण मडक्याच्या कारणांत त्याची गणना नाही.

तेव्हा प्रश्न असा उभा राहतो. गर्भ राहिला त्या वेळी सुई हजर होती. ती चाक होती की गाढव?

हे ओळखायची रीतही त्यांनी सांगितली. अन्वय आणि व्यतिरेक. हे असताना ते असतं का, आणि हे नसताना ते नसतं का. नुसता अन्वय पाहून चालत नाही. पाउलुस यांच्या अभ्यासात एक उणीव राहिली होती. ज्यांना सुया टोचल्या नाहीत त्यांना काहीच केलं नव्हतं. आपल्यावर काही उपचार झाला, हा दिलासाही त्यांना नव्हता. मग फरक सुईचा की दिलाशाचा की निव्वळ योगायोगाचा? खरा व्यतिरेक हवा तर दुसऱ्या गटाला खोटी सुई हवी. दिसायला तशीच, पण त्या बिंदूवर न टोचणारी, किंवा कातडीत न शिरणारी. कुणाला कोणती मिळणार हे चिठ्ठी टाकून ठरायला हवं. आजची वैद्यकीय चाचणी म्हणजे, आमच्या भाषेत सांगायचं तर, व्यतिरेकाची सोय आहे.

तशा चाचण्या झाल्या. २०१८ साली ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या ८४८ बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्या टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारातल्या. खऱ्या सुयांच्या गटात जिवंत मूल जन्मलं १८.३ टक्के बायकांना, खोट्या सुयांच्या गटात १७.८ टक्के. फरक नाही म्हणण्याइतकाच.

त्याच्या आदल्या वर्षीचा, २०१७ चा अभ्यास आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो खुद्द चीनमध्ये चिनी संशोधकांनी केला. आणि ज्यांनी १९९६ साली आशेने सुरुवात केली होती त्या स्टेनर-व्हिक्टोरिनही त्यात होत्या. एक हजार बायका, सर्वांना पीसीओएस, म्हणजे बीजकोषाचा तो विकार ज्यात पाळी लांबते आणि बीज वेळेवर सुटत नाही. आपल्याकडे आता घरोघरी ऐकू येतो तोच. चार गट केले. पहिल्याला खरी सुई आणि बीज सोडवणारी क्लोमिफीनची गोळी. दुसऱ्याला खोटी सुई आणि खरी गोळी. तिसऱ्याला खरी सुई आणि खोटी गोळी. चौथ्याला दोन्ही खोटं. जिवंत मूल जन्मण्याचं प्रमाण क्रमाने असं : २९.४ टक्के, २८ टक्के, १३.९ टक्के, १६.८ टक्के. गोळी खरी की खोटी याने आकडा जवळजवळ दुप्पट होतो किंवा अर्ध्यावर येतो. सुई खरी की खोटी याने काही हलत नाही. म्हणजे या रोगात, या कामासाठी, गोळी चाक ठरली आणि सुई गाढव.

यावर सुईवाल्यांचं एक उत्तर आहे आणि ते ऐकून घेतलं पाहिजे. ते म्हणतात, तुमची खोटी सुईही अगदी खोटी नसते. कातडीला स्पर्श झाला, टोचलं, की शरीर प्रतिसाद देतंच. हे खरं असू शकेल. पण मग दोन गोष्टी कबूल कराव्या लागतात. एक, ठरावीक बिंदू आणि ठरावीक वाहिन्या यांचं सगळं शास्त्र निरुपयोगी ठरतं, कारण कुठेही टोचलं तरी चालतं. दोन, क्लोमिफीनशिवायच्या दोन्ही गटांतले आकडे सारखेच खाली राहिले, म्हणजे खऱ्या सुईनेही आणि खोट्या सुईनेही गोळीची उणीव भरून काढली नाही.

मग सुईचं काहीच उरत नाही का? उरतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९७ साली तज्ज्ञांना बसवून निवाडा केला होता. शस्त्रक्रियेनंतरची आणि कर्करोगाच्या औषधांनी होणारी मळमळ-उलटी यांवर सुईचा उपयोग होतो असं त्यांनी म्हटलं. पाळीच्या कळांसारख्या दुखण्यांत इतर उपचारांच्या जोडीला ती उपयोगी पडू शकेल, असंही म्हटलं. दर महिन्याला दोन दिवस अंथरुणाला खिळणाऱ्या मुलीला कुणी परवानाधारक, नव्या निर्जंतुक सुया वापरणारा माणूस आराम देत असेल, तर तो तिने जरूर घ्यावा. शिवाय त्या खोलीत तिला अर्धा तास शांत पडायला मिळतं. कुणीतरी तिची नाडी पाहतं, जीभ पाहतं, झोप कशी लागते, पाळीचा रंग कसा आहे, मन कशाने खचतं, हे सगळं विचारतं. आपल्या गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तीन मिनिटांत हे कुणी विचारत नाही. चिनी फूकेने बाईला जे ऐकून घेतलं, ते आपल्या डॉक्टरी व्यवस्थेने उचलावं अशी आमची कळकळीची इच्छा आहे.

‘मग करून पाहायला काय हरकत आहे, नुकसान तर नाही ना,’ असं घरात म्हटलं जातं. या वाक्याशी आमचं भांडण आहे. नुकसान तीन तऱ्हांनी होतं.

पहिलं वेळेचं. पस्तिशीनंतर बाईचं बीज झपाट्याने कमी होतं. सुया, मग काढे, मग नवस, असं करत दोन वर्षं गेली तर ती परत मिळत नाहीत. आपल्या देशात गर्भनलिका बंद होण्याचं एक मोठं कारण जननमार्गाचा क्षयरोग आहे. तो पुष्कळदा बाहेरून दिसत नाही. ना खोकला, ना ताप. क्षयाच्या औषधांनी तो थांबवता येतो, पण वेळेत ओळखला तर. बंद झालेली नलिका कुठल्याही बिंदूवर सुई टोचून उघडत नाही.

दुसरं नुकसान मुळ्यांचं. काष्ठौषधी म्हणजे निरुपद्रवी, हा समज आपल्या आणि चिनी, दोन्ही समाजांत पक्का आहे. ‘अ‍ॅरिस्टोलोकिया’ नावाचं एक वनस्पतिकुल आहे. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थच ‘उत्तम बाळंतपण’. प्राचीन युरोपात ती बाळंतिणींना देत. आपल्याकडची ईश्वरी, जिला सापसंद म्हणतात, ती याच कुळातली. पाळी आणण्यासाठी, नको असलेला गर्भ पाडण्यासाठी ती वापरली गेली आहे. चीनमध्येही याच कुळातल्या वनस्पती औषधात होत्या. १९९० नंतरच्या काही वर्षांत बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या एका दवाखान्यात बायकांना चिनी मुळ्यांच्या गोळ्या दिल्या गेल्या. एका निरुपद्रवी मुळीच्या जागी नावाच्या सारखेपणामुळे अ‍ॅरिस्टोलोकियाची मुळी आली. शंभरावर बायकांची मूत्रपिंडं बिघडली, त्यांतल्या अनेकींची निकामी झाली. पुढे त्यांतल्या अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. दोन हजार वर्षं जिच्या नावातच उत्तम बाळंतपण होतं, तिचा हा दोष कुणाच्या ध्यानात आला नव्हता, कारण मूत्रपिंड वर्षांनी बिघडतं, आणि तेव्हा त्या काढ्याची आठवण कुणाला राहत नाही. म्हणून इतवारीतून असो की परदेशातून मागवलेली असो, पाळीसाठी वा मुलासाठी घेतलेली प्रत्येक पुडी डॉक्टरला दाखवावी. पुडीवर नाव नसेल तर घेऊच नये.

तिसरं नुकसान दोषाचं. सुया टोचल्या जातात त्या बाईला. काढे उकळतात ते बाईसाठी. उपास तिचे, नवस तिचे. मराठीत ‘वांझ’ हा शब्द आहे, ‘वांझोटी’ आहे, आणि ज्या पुरुषाच्या बीजात दोष आहे त्याच्यासाठी रोजच्या बोलण्यातला शब्द शोधून पाहा. सापडत नाही. भाषेतच जागा नाही म्हणून घरातही तपासणी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे जगात सहापैकी एका प्रौढ माणसाला आयुष्यात कधी ना कधी हा प्रश्न भेडसावतो, आणि मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाच्या बाजूचाही काही वाटा असतो. वीर्यतपासणी ही या सगळ्या तपासण्यांत सर्वांत सोपी आणि स्वस्त. तरी ती सर्वांत शेवटी होते, कधीकधी होतच नाही. लग्नाला पाच वर्षं झालेली सून सहा महिने सुया टोचून घेते आणि तिचा नवरा त्या काळात एकदाही तपासायला जात नाही. अशा घरात सुई उपचार राहत नाही. तिच्या आडून नवरा तपासणीतून सुटतो.

इथेच आम्हाला सुन सिम्याओ आठवतात. त्यांची औषधं आज कुणी घ्यावीत असं आम्ही म्हणणार नाही. त्यांच्या ग्रंथातल्या कितीतरी गोष्टी आजच्या कसोटीला उतरणार नाहीत. पण सातव्या शतकात त्यांनी नवरा-बायको दोघांकडे पाहिलं. चिनी वैद्यकातून आपल्याला काही घ्यायचंच असेल, तर अपत्याच्या बाबतीत सुईपेक्षा ही नजर आधी घ्यावी.

शेवटी व्यवहाराचं. वर्षभर प्रयत्न करून दिवस गेले नाहीत, किंवा बाई पस्तिशी ओलांडलेली असेल आणि सहा महिने झाले असतील, तर दोघांनी मिळून डॉक्टरकडे जावं. आधी त्याची तपासणी, मग तिची; निदान दोघांची एकाच आठवड्यात. कारण कळल्यावर मग कुणाला मनाच्या शांतीसाठी, पाळीच्या दुखण्यासाठी सुई घ्यायची असेल तर घ्यावी, डॉक्टरला सांगून घ्यावी. आणि सुई देणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारावा : या सुईने मूल जन्मण्याची शक्यता वाढते, हे तुम्हाला कशावरून कळलं? ‘माझ्याकडे आलेल्या इतक्या बायकांना झालं’ असं उत्तर आलं, तर तो अन्वय झाला. व्यतिरेक कुठे आहे, ते विचारा. न्यायशास्त्र शिकलेलं नसलं तरी हा प्रश्न कुणालाही विचारता येतो.

डॉ. चोळकर या शहरातून चीनला गेले ते बॉम्बने फाटलेल्या माणसांना शिवायला. चिन्यांना तेव्हा ज्याची गरज होती ते घेऊन ते गेले. तिकडून आपल्याकडे येणाऱ्या विद्येलाही तोच निकष लावू या : आपल्या बाईला ज्याची गरज आहे, ते तिला यातून मिळतं का?

आता तुमचे प्रश्न घेऊ. आणि कृपा करून पहिला प्रश्न समोर बसलेल्या बायकांपैकी कुणीतरी विचारावा.